डाव्या हाताचं मांजर

मास्तरांनी आयुष्यात दोनशेच्या वर घरं उभी केली, पण त्यातल्या एकाही घरात कधी कुणी राहिलं नाही. नाटकाचं नेपथ्य हा त्यांचा धंदा. पडदा उघडला की प्रेक्षकांना वाटलं पाहिजे, ह्या खोलीत एक कुटुंब वीस वर्षं जेवतंय, भांडतंय, आजारी पडतंय. आणि आदल्या दिवशी सकाळी ती खोली म्हणजे नुसतं प्लायवूड आणि ओला रंग. ती वीस वर्षं मास्तर एका दुपारीत आत घालायचे. टेबलाच्या कडा पॉलिश पेपरने झिजवायच्या, पडदे चहाच्या पाण्यात बुडवून काढायचे, कपाटाच्या मुठीभोवती तेलकट बोटं फिरवायची. मग खाली उतरून दहाव्या रांगेत बसायचं आणि डोळे बारीक करून बघायचं. दहाव्या रांगेतून खरं वाटलं की ते खरं. पुढच्या रांगेतल्यांनी नाटक बघावं, लाकूड तपासू नये, असं त्यांचं साफ म्हणणं होतं.

हे सगळं सोडून त्यांना चार वर्षं झाली होती. बायको त्याच्याही आधी गेलेली. त्यामुळे मुलाचा फोन आला तेव्हा ते घरातले खिळे लांबीप्रमाणे डब्यांत लावत बसले होते, आणि हे काम त्या महिन्यात तिसऱ्यांदा चाललं होतं.

"अप्पा, आठवडाभर मोकळे आहात का?" मुलगा म्हणाला.

"मी इतका मोकळा आहे की सांगायची सोय नाही. काय काढलंस?"

"माझं घर जरा... घरासारखं करून द्याल?"

मुलगा पुलांची गणितं करणारा इंजिनिअर. कोणत्या खांबावर किती भार येतो हे त्याला झोपेतून उठवून विचारावं, पण बायकोच्या मनावर किती भार येतोय हे त्याला कळलं नाही, आणि त्याच्या मनावरचा तिला. आदळआपट नाही, आरडाओरडा नाही, दोघं अगदी समजूतदारपणे वेगळी झाली. मास्तरांचं मत विचाराल तर दोघांनी दोन-चार ताटं फोडली असती तर एकत्र राहिली असती. पण मास्तरांचं मत कुणी विचारलं नव्हतं. कागदावर सून आता सून राहिली नव्हती, पण मास्तरांनी तो कागद वाचलाच नव्हता, त्यामुळे ते तिला अजून सूनबाईच म्हणत. ती दातांची डॉक्टर होती आणि त्यांची कवळी अजून तीच बसवून द्यायची.

दोघांच्या मधे होती आठ वर्षांची गिरमिट. नाव मास्तरांनीच ठेवलेलं. सुतार लाकडाला भोक पाडायला गिरमिट लावतो आणि आरपार जाईपर्यंत सोडत नाही, तशी ही एखाद्या प्रश्नाच्या मागे लागली की समोरच्याची धडगत नसे. आतापर्यंत ती दर शनिवारी बापाकडे दिवसभर यायची. आता शाळेचं नवं वर्ष सुरू होणार होतं, आणि आईबापांनी ठरवलं होतं की तिची तयारी असेल तर अर्धा आठवडा तिने त्याच्याकडे राहावं. तयारी असेल तरच. येत्या शनिवारी संध्याकाळी आई न्यायला येईल, तेव्हा दोघांच्या समोर तिला विचारायचं.

"नाही म्हणाली तर मी पुन्हा विचारणार नाही अप्पा," मुलगा म्हणाला. "तिच्यावर जबरदस्ती नको. शनिवार तर आहेतच."

हे त्याने इतक्या शहाण्यासारखं सांगितलं की मास्तरांनी हातातला खिळा चुकीच्या डब्यात टाकला. लहानपणी सायकल चोरीला गेली तेव्हाही हा असाच म्हणाला होता, पायी जाता येतंच की.

मास्तर हत्यारांची पेटी घेऊन सोमवारी हजर झाले आणि दारातच थबकले. इमारत म्हणजे पूर्वीचा छत्र्यांचा कारखाना. आता तिची घरं केली होती. अठरा फूट उंच छत, उघड्या विटांच्या भिंती, छताखालून गेलेले जाडजूड पाइप, एका लोखंडी खांबावर पांढऱ्या रंगात रंगवलेला सात आकडा. कोपऱ्यातून लोखंडी जिना वर अर्ध्या मजल्यावर जात होता, तिथे दोन गाद्या. खाली एक करडा सोफा, एक काचेचं टेबल, दोन खुर्च्या. मास्तर खोकले तर खोकला वर जाऊन परत आला.

"ह्याला लॉफ्ट म्हणतात," मुलगा जरा ओशाळून म्हणाला. "गिरमिटची शाळा इथून चालत सात मिनिटांवर आहे."

"लॉफ्ट म्हणजे माळाच ना? आपण माळ्यावर जुन्या बॅगा टाकायचो. तू माणसं टाकलीस." पण ती सात मिनिटं त्यांनी ऐकली होती, आणि मग पुढचं बोलणं त्यांनी गिळलं. "पोरगी इथे काय करते दिवसभर?"

"बसते. सोफ्याच्या टोकाला. काही दिलं की थँक्यू म्हणते. जाताना उशी सरळ करून जाते."

"गिरमिट? प्रश्न नाही विचारत?"

"एकही नाही."

मास्तरांनी पेटी उघडली. असली आजारपणं त्यांनी हातासरशी बरी केली होती. थंड घरात ऊब आणायची म्हणजे काय करायचं हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

पाच दिवस ते अंगात आल्यासारखे राबत होते. काचेचं टेबल हटवलं, जुन्या बाजारातून लाकडी आणलं आणि त्याच्या कडा अशा झिजवल्या की तीन पिढ्या त्यावर जेवल्यात असं वाटावं. उंच खिडक्यांना दाट कापडाचे पडदे आले, तसा आवाज घुमायचा थांबला. पिवळ्या उजेडाचे दिवे खाली, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर आले. सोफा आणि खुर्च्या अर्धगोलात मांडल्या, दाराकडे तोंड करून. विटांच्या भिंतीवर जुन्या चौकटी लागल्या. त्यातल्या एकीत मिशीवाला, गालात हसणारा एक गृहस्थ होता. तो कोण हे दुकानदारालाही माहीत नव्हतं. एक लहान मुलाची खुर्ची आणली आणि तिचे हात रंग उडेस्तोवर घासले. ओट्यावर एक गोल काळा डाग होता, त्यावर त्यांनी मोठा ट्रे ठेवला.

सगळ्यात शेवटी कपाट. जुन्या सागवानाचं, पाच फूट उंच. ते बसवून झालं आणि मास्तरांचा हात आपोआप कानामागच्या पेन्सिलीकडे गेला. कुटुंबाचं नाटक असलं की हे ते करायचेच, तीस वर्षं. कपाटाच्या कडेला, एकावर एक, मुलाच्या उंचीच्या खुणा. बाजूला बारीक अक्षरात वर्षं. तीन, चार, पाच... अकरापर्यंत. आणि अगदी खाली, गुडघ्याच्या उंचीवर, एक रंगीत खडूचं मांजर. ते चार वर्षांच्या पोराने काढल्यासारखं दिसावं म्हणून डाव्या हाताने काढायचं, ही त्यांची खास युक्ती. ह्या खुणा दिसल्या की थिएटरमधे हमखास एक उसासा यायचा. त्या कुणाच्या, असं दोनशे नाटकांत कुणी विचारलं नव्हतं.

शुक्रवारी मुलगा कामावरून आला आणि दारात उभा राहून बघतच राहिला. मास्तर त्याच्या मागे, बाहेर जिन्यापर्यंत गेले आणि तिथून डोळे बारीक करून बघितलं. दहावी रांग साधारण तिथेच आली असती.

"अप्पा," मुलगा म्हणाला, "इथे कुणीतरी राहतंय असं वाटतंय हो."

मास्तरांना त्या रात्री फार गाढ झोप लागली.

शनिवारी दहाला गिरमिट आली. आई तिला खाली सोडून दवाखान्यात गेली. पोरीने दारातून आत पाऊल टाकलं आणि तिचे डोळे मोठे झाले. तिने दिवे पाहिले, पडदे पाहिले, टेबल पाहिलं.

"छान आहे," ती म्हणाली. आणि जाऊन सोफ्याच्या टोकाला बसली, जॅकेट घडी करून मांडीवर.

बापलेकांनी एकमेकांकडे पाहिलं. मुलगा म्हणाला, अंडी संपलीत, घेऊन येतो, आणि निघून गेला. खरं तर अर्धा डझन अंडी फ्रिजमधे होती. मास्तर पडद्याची दोरी उगाच नीट करत राहिले. मागून पावलं ऐकू आली. पोरगी उठली होती. छोट्या खुर्चीच्या हाताला तिने बोट लावलं. मिशीवाल्या गृहस्थासमोर उभी राहिली. मग कपाटाशी गेली आणि पाठ लावून, हात डोक्यावर सपाट ठेवून पाहिलं. सर्वात वरची खूण तिच्या हाताच्या बरीच वर होती. ती खाली बसली, मांजर बघितलं, आणि पुन्हा सोफ्यावर येऊन बसली.

"आजोबा, ती मुलगी कधी येते?"

"कोण मुलगी?"

"जिचं हे कपाट आहे ती. अकरा वर्षांची." तिचा आवाज अगदी सरळ होता. "शनिवारी नसते ना? म्हणजे माझ्या दिवशी?"

मास्तरांच्या हातून दोरी सुटली.

"त्यांचं सामान आलं म्हणून छान दिसतंय ना," ती पुढे म्हणाली. "ते मिशीवाले तिचे आजोबा का? मला आधी सांगितलं असतं तरी चाललं असतं. मी काही बोलले नसते."

करायला गेले एक आणि झालं भलतंच, असं नुसतं म्हणून भागणार नव्हतं. मास्तरांनी घरात माणूस राहतोय असं दाखवलं होतं आणि ते इतकं झकास दाखवलं होतं की नातीला त्या घरात स्वतःसाठी जागाच उरली नव्हती. ते तिच्या शेजारी बसले.

"अगं बाई माझे, कुणी नाही. तशी मुलगीच नाही. त्या खुणा मी काढल्या."

"कुणाच्या?"

"कुणाच्याच नाहीत."

गिरमिटने त्यांच्याकडे फार शहाण्या नजरेने पाहिलं. "बाबा वेगळं राहायला गेला तेव्हा आईपण म्हणाली होती, कामासाठी गेलाय. मोठी माणसं आधी असंच सांगतात. मग नंतर खरं सांगतात."

मास्तरांनी सांगून पटवायचा नाद सोडला. ते उठले, पेटीतून लाल खडू काढला, कपाटाशी गेले आणि आवाज करत गुडघ्यांवर बसले. खडू डाव्या हातात धरला आणि त्या मांजराच्या शेजारी दुसरं मांजर काढलं. तेच वाकडं शेपूट, तसेच एक मोठा आणि एक छोटा कान, तेच पाच पाय, कारण पाचवा पाय हीसुद्धा त्यांची खास युक्ती होती.

पोरगी जवळ आली. एकदा ह्या मांजराकडे, एकदा त्या. "पुन्हा काढ."

त्यांनी तिसरं काढलं.

"उजव्या हाताने."

उजव्या हाताने त्यांनी एक देखणं मांजर काढलं, मिशांसकट. तिने चारही मांजरं नीट पाहिली आणि हळूच म्हणाली, "तू खोटं कशाला काढलंस, आजोबा?"

"तुला इथे बरं वाटावं म्हणून. मला दुसरं येत नाही गं. मी आयुष्यभर खोटी घरंच बांधली." मास्तरांनी खडू खाली ठेवला. "चुकलं माझं. तुझ्यासाठी करतोय म्हणालो आणि तुझा विचार करायचाच विसरलो."

मग तिने जॅकेट सोफ्यावर फेकलं आणि टेबलाकडे बोट केलं. "हे खरं की खोटं?"

"लाकूड खरं. झीज खोटी."

"हा मिशीवाला?"

"पूर्ण खोटा. बाजारातून आणलेला काका."

"विटा?"

"शंभर टक्के खऱ्या. सात आकडाही खरा, छत्र्यांच्या कारखान्याचा."

"बाकीचे सहा कुठेत?"

"शेजाऱ्यांच्या घरांत असतील. विचारून येऊ एकदा."

मुलगा अंड्यांची पिशवी घेऊन परतला तेव्हा त्याची लेक खडू घेऊन घरभर फिरत होती आणि जिथे खोटं निघेल तिथे फुली मारत होती. मागे मास्तर, गुन्हेगारासारखे, खाली मान घालून उत्तरं देत. मुलाला सगळं सांगितलं तेव्हा तो मटकन छोट्या खुर्चीवर बसला. "तुला वाटलं माझ्याकडे दुसरी..."

"ऊठ बाबा, फुली मारायचीय, त्या खुर्चीवर बसू नको," लेक म्हणाली.

मग ती ओट्याकडे वळली, ट्रे उचलला आणि तो गोल काळा डाग दिसला. "हे तर फारच खोटं आहे. असा कुठे डाग असतो?"

मास्तर तोंड उघडणार, तोच मुलगा म्हणाला, "ते खरं आहे. तू पहिल्या शनिवारी येणार होतीस ना, तेव्हा दूध तापत ठेवलं होतं. बेल वाजली. मी घाईत भांडं तसंच खाली ठेवलं आणि दाराकडे पळालो."

"माझ्यामुळे?"

"तुझ्यामुळे नाही. तू आलीस म्हणून."

गिरमिटने डागावरून बोट फिरवलं. मास्तर बघत राहिले. अख्ख्या घरात खरोखर राहिल्याची खूण होती ती एवढीच, आणि त्यांनी पाच दिवसांत हात लावून झाकली होती तीही तेवढीच. तीस वर्षांचा अनुभव म्हणे.

"ट्रे दुसरीकडे ठेव, आजोबा," ती म्हणाली. "आणि ह्या सगळ्या खुर्च्या दाराकडे बघत का बसल्यात? कोण येणार आहे?"

"प्रेक्षक," मास्तर पुटपुटले.

"खिडकीतून समोरचा न्हावी दिसतो. तिकडे फिरव. मजा येते, तो प्रत्येकाला आरसा दाखवतो आणि प्रत्येकजण मान हलवतो, आवडलं नसलं तरी."

म्हणजे इतके शनिवार ही टोकाला बसून तेच बघत होती! सोफा फिरला. सोफा फिरल्यावर गालिचा तिरका दिसू लागला, तो ओढला. छोटी खुर्ची बाद झाली, कारण त्यात ती मावतच नव्हती आणि मी काय बाळ आहे का, असा सवाल आला. मिशीवाल्या काकावर फुली होती, पण तो हसतो म्हणून त्याला माफी मिळाली. कपाटाच्या खुणा घासायला तिघं बसले. मास्तरांनी पॉलिश पेपरचे तीन तुकडे केले आणि लाकडाच्या रेषेच्या दिशेने कसं घासायचं ते दाखवलं. मुलाने लगेच किती दाब द्यावा ह्यावर भाषण सुरू केलं.

"बाबा, बोलू नको, घास," लेक म्हणाली.

"तू आडवं घासतेयस, ओरखडे पडतील."

"नाही पडत!"

"पडतायत. ते बघ, पडले. सांगितलेलं ऐकायचं नाही कधी!"

त्याचा आवाज चढला होता. अठरा फुटी छताखाली तो चांगला दुमदुमला, पडदे असूनही. मुलगा स्वतःच चपापला. वेगळा झाल्यापासून तो लेकीवर एकदाही रागावला नव्हता. शनिवारच्या शनिवार भेटणाऱ्या पोरीवर कुठला बाप रागावतो? पण गिरमिटने पॉलिश पेपर जमिनीवर आपटला, पाय आपटत लोखंडी जिना चढली आणि वरून ओरडली, "मग तूच घास तुझं कपाट!"

मुलगा मागे धावणार तसा मास्तरांनी त्याचा दंड धरला. "बस खाली. रुसू दे तिला. पाहुणी कधी रुसलेली पाहिलीस?"

दहा मिनिटांनी ती उतरली, तोंड फुगवून, आणि उभं घासू लागली. ओरखडे राहिले ते राहिलेच. अंडी चार वाजता खाल्ली गेली, उभ्या-उभ्याच, कारण टेबलावर भुसा होता.

सहाला बेल वाजली. सूनबाई दारात उभी, दवाखान्यातून थेट आलेली, चेहऱ्यावर मास्कच्या दोऱ्यांचे वळ. आत घर उलटंपालटं, सामान जागच्या जागी नाही, जिकडेतिकडे लाल फुल्या, आणि तिघांच्या केसांत भुसा. तिने मुलाकडे पाहिलं. विचारायची वेळ झाली होती. मुलगा हात पँटला पुसतोय आणि पुन्हा पुसतोय. मास्तरांना वाटलं, मधे पडून काहीतरी बोलावं, थोडा वेळ काढावा. पण आज त्यांनी पुष्कळ काही केलं होतं. ते केसांतला भुसा झटकत राहिले.

"आई, तिथे नको, तिथे भुसा आहे," गिरमिट म्हणाली. "इथे बस, खिडकीपाशी. दमलीस ना?"

आई सोफ्यावर बसली. अगदी टोकाला, पर्स मांडीवर घेऊन. पोरगी ओट्याकडे गेली. फडताळाचं दार उघडण्याचा आवाज आला, मग नळाचा. ती भरलेला पेला दोन्ही हातांनी धरून आली आणि आईच्या पुढे केला.

आईने पेला घेतला. पेल्याकडे पाहिलं, मग लेकीच्या भुशाने माखलेल्या हातांकडे. ओठ घट्ट मिटले तिने. पोरीला नऊ महिने पोटात आणि आठ वर्षं घरात वाढवलेल्या त्या बाईला काय झालं असेल ते मास्तरांना समोर दिसत होतं, आणि आपल्या मुलासाठी जितका आनंद होत होता तितकंच तिच्यासाठी त्यांच्या जिवाला लागलं. ते उठून तिच्या शेजारी जाऊन बसले.

"आत्ता विचारू का हिला?" तिने हळूच विचारलं.

"आता काय विचारतेस, सूनबाई," मास्तर म्हणाले. "तिने तुला पाणी दिलं ना."

सूनबाईने मान हलवली. पेला तोंडाला लावला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं, एका दमात, डोळे मिटून. मग डोळे पुसले, पाठ मागे टेकली आणि रिकामा पेला लेकीपुढे केला.

"आणखी थोडं देतेस?"